'द लाँग नाइट' इतका काळोखा का दिसला?

२९ एप्रिल २०१९, सोमवार. मुंबई-ठाण्यात लोकसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर 'गेम ऑफ थ्रोन्स' या कल्पनारम्य अमेरिकी मालिकेच्या आठव्या पर्वाचा तिसरा भाग, 'द लाँग नाइट', अमेरिकेबरोबरच सुरू झाला. तिकडे रविवारची रात्र होती, इकडे चांगलं उजाडलं होतं. मृतांची फौज आणि माणसं यांच्यातली जी लढाई २०११ सालच्या पहिल्या भागातल्या पहिल्याच प्रसंगापासून येणार येणार म्हणत होते, ती अखेर आली. आणि प्रेक्षक खिडकीचे पडदे ओढायला, रिमोट शोधायला उठले. टीव्हीवर काळं-करडं काहीतरी हलत होतं, आणि त्याच काळ्या काचेत समोरची खिडकी, डोक्यावरचा पंखा आणि आपलाच चेहरा जास्त स्पष्ट दिसत होता.

अमेरिकेतही तेच झालं, आणि तिथे तर बाहेर रात्र होती. पहिल्याच रात्री एक कोटी ७८ लाख लोकांनी हा भाग पाहिला, आणि कोण मेलं, कोण वाचलं, कोणता ड्रॅगन कोणाचा यावर बोलण्याआधी लोक एकमेकांना विचारत होते: तुला तरी काही दिसलं का? चित्रं उजळ करून लोक एकमेकांना दाखवत होते, की बघा, इथे हा उभा होता.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये याच जगातल्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेचा 'ड्रिफ्टमार्क' हा सातवा भाग आला आणि पुन्हा तीच ओरड झाली. दोन्ही भागांचा दिग्दर्शक एकच, मिगेल सापोचनिक. त्यामुळे खापर त्याच्या डोक्यावर फोडणं सोपं आहे. पण चित्र कॅमेऱ्यातून निघून आपल्या हॉलपर्यंत पोचेतो वाटेत जे होतं, ते समजून घेतलं तर दोष एकट्याचा नाही हे कळतं. आणि प्रेक्षकाचा तर नाहीच नाही.

अंधार मुद्दाम होता, हे आधी मान्य करू

या लढाईचं बाहेरचं चित्रीकरण उत्तर आयर्लंडमध्ये तब्बल ५५ रात्री चाललं. थंडी, चिखल, पाऊस, आणि रोज रात्रपाळी. इतकी मेहनत घेणारी माणसं चुकून दिवे लावायला विसरली, असं होत नाही.

छायाचित्रणकार फॅबियन वॅग्नर यांनी या मालिकेचं एक जुनंच तत्त्व टोकाला नेलं: प्रसंगात उजेड दिसायचा असेल तर तो कुठून येतो हे त्या प्रसंगातच असलं पाहिजे. मशाल, शेकोटी, मेणबत्ती, ड्रॅगनची आग, चंद्र. आपण जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांत ज्या निळ्या रात्री पाहिल्या, त्यांत हा नियम नव्हता. नायिका रानात पळतेय, आसपास एक दिवा नाही, तरी तिच्या डोळ्यांतलं पाणी चमकतंय. उजेड कुठून आला हे कोणी विचारत नसे. फिल्मला भरपूर प्रकाश लागायचा, म्हणून दिवे लावावेच लागत. आताचे डिजिटल कॅमेरे शेकोटीच्या उजेडातही चित्र टिपतात. सोय झाली, आणि त्या सोयीतून नवी सवय लागली.

अंधाराचा कथेत उपयोग काय केलाय, तेही बघा. लढाईच्या सुरुवातीला मेलिसांड्रे ही मांत्रिक बाई येते, मंत्र म्हणते, आणि डोथ्राकी घोडेस्वारांच्या शेकडो वाकड्या तलवारी एका क्षणात पेटतात. किल्ल्यासमोर ज्वाळांची लांबलचक रांग. आरोळ्या ठोकत ते काळोखात घुसतात. मग कॅमेरा मागे, किल्ल्याजवळच्या सैन्यापाशी थांबतो. दूरवर ज्वाळांचे ठिपके पुढे जाताना दिसतात, मग काहीतरी आदळल्याचा आवाज येतो, आणि एकेक ठिपका विझत जातो. शेवटचाही विझतो. शत्रू अजून एकदाही दिसलेला नाही. टीव्हीवर पाहिलेल्या भीतीच्या क्षणांत मी हा फार वर ठेवते, आणि तो अंधाराशिवाय होणारच नव्हता.

हा प्रसंग सगळ्यांना दिसला. सकाळच्या उजेडात, मोबाइलवर, स्वस्त टीव्हीवर, सगळीकडे. कारण त्यात काळ्यावर ठळक पिवळे ठिपके होते आणि ते सावकाश हलत होते. गोंधळ त्यानंतर सुरू झाला: धुकं, बर्फाचं वादळ, धूर, आणि करड्यावर करडे देह. म्हणजे प्रश्न नुसत्या अंधाराचा नाही. अंधारात बारीक तपशील आणि वेगवान हालचाल, असं तिहेरी प्रकरण आहे.

चित्र आपल्यापर्यंत येतं तेव्हा त्याचं काय होतं

फुल एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा किती, हे लिहायला २४ बिट लागतात असं धरू. एका चौकटीला, म्हणजे फ्रेमला, जवळपास पाच कोटी बिट झाले. सेकंदाला अशा २४ चौकटी, म्हणजे साधारण १२० कोटी बिट. इंटरनेटवरून एचडी मालिका आपल्याकडे येते ती मात्र सेकंदाला ५० लाख बिटच्या आसपास. दर सेकंदाला किती बिट येतात, त्याला बिटरेट म्हणतात. हिशोब केला तर २४० भागांतला एकच भाग घरी पोचतो.

उरलेले २३९ भाग गाळायचं काम करतं ते कॉम्प्रेशन. त्याशिवाय घरबसल्या काही पाहणंच शक्य नाही, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याची मुख्य युक्ती आपण किराणा दुकानात वापरतो तीच आहे. दर महिन्याला अख्खी यादी लिहायची गरज नसते. "गेल्या महिन्यासारखंच पाठवा, फक्त तेल एक लिटर जास्त," एवढं सांगितलं की काम होतं. कॉम्प्रेशनही पुढच्या चौकटीबद्दल असंच सांगतं: मागच्यासारखंच, फक्त हा हात जरा उजवीकडे सरकला. दोन माणसं बसून बोलताहेत, मागे भिंत आहे, तर सांगायला फारसं काही नसतं आणि थोडक्या बिटमध्ये चित्र झकास दिसतं.

आता विंटरफेल किल्ल्यासमोरचं वादळ बघा. बर्फाचा प्रत्येक कण दर चौकटीला नव्या जागी. धूर दर क्षणाला वेगळा. शेकडो देह एकमेकांवर चढताहेत. गेल्या महिन्यासारखं काहीच नाही, अख्खी यादी नव्याने लिहायची आहे, आणि चिठ्ठी मात्र तेवढीच लहान. मग यंत्र काय करतं? चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातले बारकावे पुसतं आणि ढोबळ रंग ठेवतं. त्यात बारकावे कुठले पुसायचे याचेही ठोकताळे असतात. माणसाला अंधारातला तपशील फारसा दिसत नाही असं धरून बरेचदा काळ्या भागांवर आधी कात्री चालते. एरवी ते बरोबरही असतं. काळ्या कोपऱ्यातल्या कपाटाची नक्षी गेली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण इथे अख्खी गोष्टच त्या काळ्या कोपऱ्यात घडत होती.

याच भागातला आर्या या तरुण नायिकेचा ग्रंथालयातला प्रसंग आठवून बघा. तिथेही अंधारच आहे. पण ती दबकत चालतेय, मृत संथपणे फिरताहेत, कपाटं स्थिर आहेत. तो प्रसंग बहुतेकांना नीट दिसला. ढगांच्या वर चंद्रप्रकाशात ड्रॅगन येतात तेही दिसले. ढगांखाली, वादळात, काहीच कळेना. एकाच भागात, एकाच टीव्हीवर.

काळ्याच्या छटा मोजक्याच असतात

दुसरी अडचण आणखी खोलवरची आहे. साध्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सुमारे २२० पायऱ्या असतात. त्या सारख्या वाटलेल्या नसतात. डोळ्याला अंधारातला फरक जास्त जाणवतो म्हणून गडद भागाला जरा जास्त पायऱ्या दिलेल्या असतात. तरीही पूर्ण पांढऱ्याच्या एक टक्क्याहून कमी उजेडाचा जो सगळा काळोख, त्याच्या वाट्याला जेमतेम ३२ पायऱ्या येतात. 'द लाँग नाइट'चे बरेच प्रसंग या तळच्या पायऱ्यांवर वावरतात. त्यात कॉम्प्रेशनने शेजारशेजारच्या दोन-तीन पायऱ्या एक करून टाकल्या, की धुक्याचा अलगद उतार जाऊन तिथे करड्या पट्ट्या दिसायला लागतात. आकाशात किंवा भिंतीवर कडा असलेले विचित्र पट्टे तुम्ही पाहिले असतील. त्याला बँडिंग म्हणतात, आणि तो तुमच्या टीव्हीचा बिघाड असेलच असं नाही.

एचडीआर या नव्या प्रकारच्या व्हिडिओत पायऱ्या चौपट किंवा त्याहून जास्त असतात. हाच भाग पुढे ४के डिस्कवर तसा आला, आणि तिथे तो वेगळाच दिसतो: धुक्याला खोली येते, चेहरे ओळखू येतात. पण २०१९ च्या त्या रात्री प्रेक्षकांपर्यंत जे आलं, ते साधं होतं.

त्यांची खोली आणि आपला हॉल

चित्रीकरण झाल्यावर प्रत्येक प्रसंगाचा उजेड आणि रंग बसवतात, त्या कामाला ग्रेडिंग म्हणतात. ते चालतं ते जवळपास काळ्याकुट्ट खोलीत, अत्यंत अचूक आणि फार महागड्या मॉनिटरवर, आणि कॉम्प्रेशन न झालेल्या चित्रावर. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तिथे बसलेल्या माणसाचे डोळे तर दिवसभर सरावलेले. त्याला कोपऱ्यातला मृत दिसतो, त्याच्या हातातलं शस्त्रही दिसतं. तो मान डोलावतो, आणि भाग पुढे जातो.

आपल्याकडे काय असतं? ट्यूबलाइट, खिडकी, स्वयंपाकघरातून येणारा उजेड, जिन्यातला दिवा. दिवसा टीव्हीच्या काचेवरून परत येणारा उजेडच त्या भागातल्या काळोखी प्रसंगांच्या उजेडापेक्षा जास्त भरू शकतो. मग काचेत पंखा दिसतो आणि नायक जॉन स्नो दिसत नाही, यात नवल नाही.

टीका वाढल्यावर वॅग्नर यांनी मुलाखतींतून बाजू मांडली. आपण चित्रित केलेलं अंधारं नव्हतं, लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही, लोक लहान पडद्यांवर पाहतात, शिवाय कॉम्प्रेशनही आड आलं, असा त्यांचा सूर होता. तांत्रिकदृष्ट्या यातलं बरंचसं खरं आहे. तरी त्यातला टीव्ही लावता येत नाही हा भाग मला पटत नाही. टीव्ही दुकानातून घरी येतो तो भडक रंगांवर लावलेला, कारण दुकानातल्या झगमगाटात तो उठून दिसावा लागतो. तो तसाच चालवणाऱ्या माणसाने काही चूक केलेली नाही. लाखो घरं अशीच आहेत हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं, आणि मालिका त्या घरांसाठीच बनते.

"माझा टीव्ही तर ४के आहे, चांगला महागाचा आहे"

४के म्हणजे ठिपके चौपट, एवढंच. आत येणारं चित्रच एचडी असेल आणि त्यातले बारकावे आधीच पुसले गेले असतील, तर टीव्ही ते परत आणू शकत नाही. उलट मोठ्या पडद्यावर ते चौकोन आणि पट्टे आणखी डोळ्यांवर येतात.

टीव्हीच्या जातीनेही फरक पडतो. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे कायम चालू असतात, म्हणून त्याचा काळा हा खरं तर गडद करडा असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःपुरता विझतो, काळा अस्सल काळा दिसतो. पण काही ओएलईडी टीव्हींत काळ्याच्या अगदी लगतच्या छटाही काळ्यातच बुडतात. म्हणजे एकाला धूसर दिसलं, दुसऱ्याला ठार काळं, आणि दोघांनीही तक्रार केली ती अंधाराचीच.

"ब्राइटनेस वाढवला की झालं ना?"

बऱ्याच टीव्हींत 'ब्राइटनेस' हे बटण उजेडाचं नसतंच. ते काळ्याची पातळी वर उचलतं. ते वाढवलं की सगळं चित्र राख फासल्यासारखं होतं, आणि कॉम्प्रेशनचे चौकोन उघडे पडतात. खरा उजेड वाढतो तो 'बॅकलाइट'ने, ओएलईडीवर त्याला 'ओएलईडी लाइट' किंवा तसंच काही नाव असतं.

अशा भागाआधी आणखी काही गोष्टी करता येतात. चित्राचा प्रकार 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' असेल त्यावर आणा. वीज वाचवणारा 'इको' पर्याय बंद करा. खोलीतल्या उजेडावरून तो चित्र आपोआप मंद करतो, आणि अंधाऱ्या प्रसंगात त्याचा फटका बसतो. हालचाल गुळगुळीत करणारा पर्यायही बंद केलेला बरा, वादळात तो चित्र आणखी बिघडवतो. मोबाइलवर पाहत असाल तर डेटा सेव्हर काढा. आणि खोलीतला उजेड कमी करा, कारण वरच्या सगळ्यांपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. दिवा ठेवायचाच असेल तर तो टीव्हीच्या मागे असू द्या, समोर नको.

एवढं करूनही बिटरेटची मर्यादा हटत नाही. नेट मंदावलं की ॲप न विचारता चित्राचा दर्जा खाली आणतं. चित्र अडकत नाही म्हणून आपल्याला ते कळतही नाही.

"रात्र म्हणजे अंधारच ना? वास्तव दाखवलं तर तक्रार कसली?"

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. खऱ्या रात्री आपल्याला निदान काहीतरी दिसत असतं. डोळे सरावतात, कान मदत करतात, मान वळवता येते. टीव्हीवर यातलं काही करता येत नाही. कॅमेरा जिथे बघतो तेवढंच, तो जितका वेळ बघतो तेवढाच. म्हणून पडद्यावरची रात्र ही रचावीच लागते, आणि रचताना कोणाला काय दिसावं हे ठरवावंच लागतं.

ज्यांनी मूळ पुस्तकं वाचली होती त्यांचं दुःख आणखी वेगळं होतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकमालिकेतलं पाचवं पुस्तक २०११ साली आलं आणि सहावं आलेलंच नव्हतं, त्यामुळे ही लढाई वाचून ठेवलेली कोणाकडेच नव्हती. एरवी पडद्यावर काही निसटलं तर वाचक पानांवरून ते भरून काढतो. इथे वाचक आणि न वाचलेला, दोघेही सारखेच चाचपडत होते. थिऑन, जोरा, बेरिक, लहानगी लियाना मॉरमॉन्ट ही वर्षानुवर्षं सोबत केलेली माणसं या एका रात्रीत गेली. त्यांचं जाणं बघायला मिळावं, ही अपेक्षा अवाजवी नव्हती.

आणि गंमत अशी की जिथे डोळे कमी पडले तिथे कानांनी लोकांना तारलं. या भागाला ध्वनिसंपादन आणि ध्वनिमिश्रण या दोन्हींचे एमी हे अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळाले, चित्रसंकलनाचाही मिळाला. हाडांचा कडकडाट, ड्रॅगन डोक्यावरून जातानाचा वारा, आणि अखेरीस सगळे आवाज मागे सारून येणारा संगीतकार रामिन जावादी यांचा पियानो. पडद्यावर काय चाललंय ते न कळूनही शेवटची ती मिनिटं कोणी जागचं हललं नाही, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

'ड्रिफ्टमार्क'मध्ये वेगळं काय झालं

तिथे काही प्रसंग भर दिवसा चित्रित करून नंतर गडद केले होते. या जुन्या पद्धतीला 'डे फॉर नाइट' म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावर रात्री इतका मोठा परिसर उजळणं अवघड, म्हणून ती वापरतात. पण दिवसाचा उजेड आकाशभरून सारखा येतो. तो नुसता खाली ओढला की चेहरा, वाळू, पाणी, सगळं एकाच करड्यात जातं. रात्र ओळखू येते ती ठळक उजेड आणि ठळक सावली यांच्या फरकातून, आणि नेमका तोच फरक तिथे नव्हता. प्रेक्षकांनी विचारलं तेव्हा एचबीओ या वाहिनीकडून उत्तर आलं की प्रसंग मंद ठेवणं हा जाणीवपूर्वक घेतलेला कलात्मक निर्णय होता. असेलही. पण लोक विचारत होते ते हेतूबद्दल नव्हे, काय दिसलं त्याबद्दल.

गाण्यांचं ध्वनिमिश्रण करणाऱ्या लोकांत एक जुनी शिस्त आहे. स्टुडिओतल्या उत्तम स्पीकरवर काम झालं की ते गाणं मुद्दाम लहानशा, सुमार स्पीकरवर आणि गाडीतही ऐकून बघतात, कारण ऐकणारा तिथेच ऐकणार असतो. मालिकांच्या ग्रेडिंगमध्ये ही तपासणी सक्तीची हवी, असं मला मनापासून वाटतं. तयार भाग आधी सेकंदाला ५० लाख बिटमध्ये बसवा, मग साध्या एलईडी टीव्हीवर, ट्यूबलाइट चालू ठेवून, गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवा, आणि कोण कोणाशी लढतंय ते त्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर भाग अजून तयार झालेला नाही.